हजेरीतला ४३ नंबर

क्यू-बेसिकच्या काळात ज्याचा रोल नंबर ४३, त्याचं नशीब फुटकं. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादेत औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. चपला दाराबाहेर, आत एसीचा गारवा, मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर. आमच्या क्लासमध्ये तोंडी परीक्षेला कोणाला उभं करायचं हे सर स्वतः ठरवत नसत. ते काम त्यांनी कॉम्प्युटरवर सोपवलं होतं. साठ मुलांची हजेरी आणि चार ओळींचा प्रोग्राम. एफ-५ दाबला की निळा पडदा जाऊन काळा यायचा आणि त्यावर पाच आकडे उमटायचे: ४३, ३३, ३५, १८, १९. पुढच्या शनिवारी परत एफ-५, परत ४३, ३३, ३५, १८, १९.

वर्ग लवकरच हुशार झाला. पंचावन्न जणांनी वही उघडणं सोडलं. ४३ नंबरवाला मात्र डॉसच्या सगळ्या कमांड झोपेतही म्हणेल असा तयार झाला. तो कुरकुरला की सर म्हणायचे, "अरे, मशीन आहे ते. त्याचं काय तुझ्याशी वैर आहे?"

वैर नव्हतंच, आणि नेमकी हीच त्या मशीनची अडचण होती. कॉम्प्युटरला मनाला येईल तसं काही करता येत नाही. क्यू-बेसिक आधीच्या आकड्याला एका मोठ्या आकड्याने गुणतं, त्यात आणखी एक आकडा मिळवतं आणि उत्तरातले शेवटचे चोवीस बिट तेवढे ठेवतं. यातून १,६७,७७,२१६ आकड्यांची एक रांग तयार होते. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. रांगेत कुठे शिरायचं हे सांगितलं नाही, तर ते दर वेळी एकाच जागी शिरतं. तिथला पहिला अपूर्णांक ०.७०५५४७५. साठने गुणा, दशांश टाकून द्या, एक मिळवा: ४३. दुसरा ०.५३३४२४, म्हणून ३३. कुणाला खोटं वाटत असेल तर आजही पडताळून पाहता येईल, आणि त्यासाठी जुनं मशीन शोधायची गरज नाही. ऑफिसात एक्सेल नव्याने उघडा, मॅक्रोमध्ये नुसतं आरएनडी मागा; पहिला आकडा तोच निघतो, ०.७०५५४७५. तीस वर्षांत मायक्रोसॉफ्टने काय काय बदललं, पण ४३ नंबरच्या मुलाला काही सोडलं नाही.

यावर इलाज एका शब्दाचा होता: रँडमाइझ. तो शब्द प्रोग्रामच्या सुरुवातीला एकटाच लिहिला की मशीन थांबून विचारायचं, सीड द्या, उणे ३२,७६८ ते ३२,७६७. त्या प्रश्नापुढे कर्सर लुकलुकत उभा. रांगेत कुठे शिरायचं हे आता माणसाने सांगायचं. बहुतेक जण घाईत १ दाबून एंटर मारत, त्यामुळे पुन्हा सगळ्यांचे आकडे सारखेच. फक्त ४३च्या जागी दुसरा कुणी बळी. शहाणे लोक पुढे टायमर हा शब्द जोडत. मग मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो आकडा सीड व्हायचा आणि विचारायची भानगडच संपायची. मला मात्र तो विचारणारा प्रश्न आवडायचा. यंत्र इतक्या उघडपणे सांगत होतं की नशीब माझ्याकडे नाही, ते तुम्ही बाहेरून आणून द्या.

बाहेरून आणायची तजवीज कॉम्प्युटरच्याही आधीची. सांख्यिकीच्या प्रॅक्टिकलला जुन्या लोकांकडे रँडम आकड्यांची कोष्टकं असायची. टिपेट या इंग्रज सांख्यिकाने १९२७ मध्ये ४१,६०० अंकांचं असं पुस्तक काढलं. ते अंक त्याने जनगणनेच्या अहवालांतून उचलले होते. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेने दहा लाख अंकांचा ग्रंथच छापला. पानंच्या पानं नुसते आकडे, ना गोष्ट ना निष्कर्ष. वापरायची रीत अशी की डोळे मिटून पेन्सिल टेकवायची आणि टोक जिथे पडेल तिथून पुढे वाचत जायचं. त्यातही चलाख विद्यार्थी डोळे किलकिले ठेवायचेच.

हे प्रकरण कॉलेजपुरतं नव्हतं, थेट मराठवाड्याच्या शेतात येऊन पोचलेलं होतं. साताऱ्याकडच्या बुधचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी चाळीसच्या दशकात पिकाचं उत्पन्न अंदाजण्यासाठी नमुना निवडीची पद्धत बसवली. त्याआधी उत्पन्न नजरेने ठरे, आणि नजर कुणाची यावर आणेवारी अवलंबून असे. पीक कापणी प्रयोगात गाव चिठ्ठीने, गावातला गट नंबर चिठ्ठीने आणि शेतातली जागासुद्धा चिठ्ठीनेच. फरक इतकाच की चिठ्ठीच्या जागी कोष्टकातला आकडा. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, एक आकडा लांबीकडे, एक रुंदीकडे, तितकी पावलं मोजत जायचं आणि जिथे थांबाल तिथे खुंट्या ठोकून ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा. तेवढीच बाजरी कापायची, तेवढीच मळून तोलायची. पावलं मोजत गेलेला कर्मचारी नेमका निंदणी न झालेल्या पट्ट्यात जाऊन उभा राहिला, तर शेतमालक बांधावरून ओरडायचा, "अहो साहेब, तिथं काय बघता, इकडं या, इकडं दाणा भरलाय." आणि नुकसानभरपाईचं वर्ष असलं की तोच मालक उलट्या दिशेला बोट दाखवायचा. कोष्टक त्या बोटापासून वाचवण्यासाठीच होतं. आता त्याची जागा मोबाइलमधल्या ॲपने घेतली आहे. फोटो काढला की अक्षांश-रेखांश आपोआप चिकटतात. बांधावरचं बोट मात्र तसंच आहे.

१९४९ या सालात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसूनही मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात. जॉन फॉन नॉयमन याने कॉम्प्युटरच्या पोटातच रँडम आकडे बनवायची युक्ती मांडली: चार आकडी संख्या घ्या, वर्ग करा, मधले चार अंक उचला, त्यांचा पुन्हा वर्ग करा. त्याच वर्षी देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांना ६१७४ सापडला. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबता आणि तिथून सुटका नाही. नॉयमनची युक्तीही अशीच कुठेतरी अडकते. ६१०० ने सुरुवात करा: २१००, ४१००, ८१००, पुन्हा ६१००. गोल गोल. नाशिकजवळच्या एका शाळामास्तराला ज्या अडकण्यात गंमत दिसली, तेच अडकणं अमेरिकेत डोकेदुखी होऊन बसलं होतं. कागदावर दोन्ही करून पाहा, अर्धा तास छान जातो.

आमच्या लहानपणी मात्र रँडम म्हणजे डबा. स्टीलचा, झाकण घट्ट बसणारा, एरवी त्यात रवा किंवा साबुदाणा. भिशीच्या दिवशी तो रिकामा करून पुसायचा, घडी घातलेल्या चिठ्ठ्या आत, झाकण लावून खळखळ हलवायचा आणि सगळ्यांत लहान पोराला पुढे करायचं. पोराने डोळे मिटायचे. निघालेली चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि उरलेल्याही उघडून दाखवायच्या, नाहीतर सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिल्याचा संशय. गणपती मंडळाच्या लकी ड्रॉला हीच रीत, वर्गात मॉनिटर निवडायलाही हीच. सरकारनेही यापेक्षा वेगळं काही शोधलेलं नाही. महापालिकेच्या प्रभाग आरक्षणाची सोडत निघते तेव्हा मंचावर पारदर्शक ड्रम असतो, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकतात आणि काढायला शाळेतली मुलं बोलावतात. समोर इच्छुक उमेदवार देव पाण्यात ठेवून बसलेले. एका पोरीच्या हाताने कुणाचा वॉर्ड महिलांसाठी राखीव होतो, कुणाचा खुला. त्या पोरीवर कुणी आरोप करत नाही.

डबा निर्दोष होता असं मात्र नाही, आणि जुन्याचं कौतुक करताना हे विसरायला मला आवडत नाही. जाड कागदाची चिठ्ठी हाताला आधी लागते. शेवटी टाकलेली वरच राहते. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धावर कुणाला आधी पाठवायचं याची सोडत काढली. ३६६ जन्मतारखा, प्रत्येकीची एक कुपी. कुप्या महिन्यांच्या क्रमाने पेटीत टाकल्या, ढवळल्या अर्ध्यामुर्ध्या, आणि त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर लवकर निघाले. नंतर सांख्यिकीवाल्यांनी आलेख काढून ते दाखवून दिलं, तोवर सोडत होऊन गेली होती. डबा हलवणाऱ्याचा हात दुखला की गणित बदलतं, इतकं साधं.

त्यापेक्षा मटकेवाले शहाणे. मुंबईत आकडा लागायचा तो सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि मिटत्या भावावर. टेलिप्रिंटरवर भाव आला की त्यातून आकडा. धंदा बेकायदा, माणसं एकमेकांवर रुपयाचा विश्वास न ठेवणारी, पण आकड्याबद्दल वाद नाही. कारण न्यूयॉर्कमधला कापूस खेळणाऱ्याच्याही हातात नाही आणि खेळवणाऱ्याच्याही नाही. १९६१ मध्ये ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा कुठे पत्ते आणि मडकं आलं. या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या धंद्याला सीड म्हणजे काय हे कॉम्प्युटरच्या आधीच कळलं होतं.

पुढे युनिक्स हाताशी आलं, मग लिनक्स. सीडीवर मिळायचं, इन्स्टॉल करताना लोडशेडिंग झालं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात बॅश या शेलमध्ये रँडम नावाचा एक चल आयताच बसलेला होता. त्याच्या आधी डॉलरचं चिन्ह लावून छापलं की दर वेळी नवा आकडा, शून्य ते ३२,७६७. हा ३२,७६७ आमच्या पिढीच्या अंगात मुरलेला आहे. क्यू-बेसिकचं सीड तिथवर, टर्बो सीचा रँड तिथवर, बॅशचा रँडम तिथवर, विंडोजच्या काळ्या खिडकीतला रँडमही तिथवरच. सोळा बिटांतून एक बिट चिन्हाला गेलं की उरतं ते इतकंच.

आता साठ मुलांत एक निवडायचा तर सगळे काय लिहितात? रँडमला साठने भागा, बाकी घ्या, एक मिळवा. चालतं. पण शून्य धरून एकूण आकडे ३२,७६८, आणि साठ गुणिले ५४६ म्हणजे ३२,७६०. वर आठ उरले. म्हणजे हजेरीतल्या पहिल्या आठ जणांची नावं ३२,७६८ पैकी ५४७ वेळा, बाकीच्यांची ५४६ वेळा. हा फरक कुणाच्या आयुष्यात जाणवणार नाही. तरी आडनावाच्या आद्याक्षराने हजेरी लागते तिथे आगलावे, आव्हाड, कांबळे मंडळींनी ही नोंद ठेवायला हरकत नाही.

घड्याळावर विसंबणाऱ्यांची गंमत वेगळी. लिनक्सवरच्या ऑक या छोट्या भाषेत एसरँड म्हटलं की चालू सेकंद सीड होतो. एकाच सेकंदात प्रोग्राम दोनदा चालवा, दोन्हीकडे एकच आकडा. विंडोजच्या खिडकीचंही तेच; दोन खिडक्या पाठोपाठ उघडून पहिला रँडम मागा, आकडे चुलत भाऊ शोभतील इतके जवळचे येतात, कारण दर सेकंदाला पहिला आकडा तीनेकच पुढे सरकतो. तेव्हाच्या सावकाश मशीनवर एका सेकंदात दोन कामं होतच नसत, म्हणून हे झाकून राहिलं. मशीन वेगवान झाल्यावर उघडं पडलं.

मग या आकड्यांचा छोट्या स्क्रिप्टमध्ये उपयोग काय? तोंडी परीक्षा आणि फाशांचे खेळ सोडले, तर सगळ्यांत जास्त उपयोग वाट पाहण्यासाठी होतो. माझं काम सर्व्हर सांभाळायचं. रात्री बारा वाजता दोनशे मशीनना बॅकअप घ्यायला सांगितलं, तर सगळी एकाच क्षणी उठून एकाच डिस्कवर तुटून पडतात आणि कुणाचंच काम होत नाही. हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, आमच्या शहरात नाही. इथे नळाला पाणी रोज येत नाही; आलं की गल्लीतली प्रत्येक मोटर त्याच मिनिटाला सुरू होते आणि शेवटच्या घरी नुसती हवा फुसफुसते. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहायचं: रँडमला तीनशेने भाग, बाकी येईल तितके सेकंद झोप. दोनशे मशीन पाच मिनिटांत विखुरतात. मोटरींना असं सांगता आलं असतं तर किती भांडणं वाचली असती.

ही युक्तीही जुनीच. त्या काळच्या लॅबमध्ये सगळी मशीन एकाच काळ्या कोॲक्स केबलला टी आकाराच्या तुकड्याने जोडलेली असत. दोन मशीन एकदम बोलली की संदेश एकमेकांवर आदळत. मग दोघांनीही गप्प बसून आपापल्या मनाने काही क्षण थांबायचं आणि पुन्हा बोलून पाहायचं. हे थांबणं रँडम नसतं तर दोघं पुन्हा पुन्हा एकदमच बोलली असती. केबलच्या टोकाचा टर्मिनेटर कुणाच्या पायाने निघाला की सगळी लॅब बंद, आणि मग टेबलाखाली टॉर्च घेऊन शोधमोहीम. आता स्विच आले, टक्कर होत नाही. ती टेबलाखालची धूळ मला आठवत नाही असं नाही, पण परत नको.

आज नाव निवडायचं हे सगळं काम लिनक्सवर एका शब्दात होतं: शफ. नावांची फाइल द्या, एक हवं म्हणा, निघालं. सीड नको, घड्याळ नको, साठने भागून उरणाऱ्या आठांची काळजी नको. फाइलला तात्पुरतं नाव हवं असेल तर एमके-टेम्प अक्षरांची अशी खिचडी करून देतो की कुणाला अंदाज बांधता येऊ नये. पूर्वी आम्ही नावापुढे प्रोसेसचा नंबर चिकटवायचो, आणि तो ओळखणं पोरखेळ होतं. पासवर्डही असाच निघतो. पूर्वी गावाचं नाव आणि पुढे १२३. या सगळ्यांच्या मागे लिनक्सच्या गाभ्यातलं एक साठवण आहे, १९९४ मध्ये थिओडोर त्सो याने बनवलेलं. कळ दाबण्यातली वेळ, डिस्कचा अडखळ, नेटवर्कवरचं पाकीट कधी आलं, असले बारीकसारीक योगायोग गोळा करून ते ढवळत राहतं. सुरुवातीला त्याचा साठा आटायचा. संदेश कुलूपबंद करायची किल्ली बनवायला बसलं की जीपीजी हा प्रोग्राम म्हणायचा, जरा कीबोर्ड बडवा, माउस हलवा. आणि आपण खरंच माउस गोल गोल फिरवत बसायचो. शेजारच्याला वाटे, हा काम सोडून काय करतोय. २०२० च्या ५.६ गाभ्यानंतर तेही थांबणं गेलं.

तंत्र म्हणून आजचं निःसंशय चांगलं. क्यू-बेसिकच्या त्या पाच आकड्यांना कुणी सुवर्णकाळ म्हणू नये. पण आमच्या सोसायटीतल्या भिशीत मला याची दुसरी बाजू दिसली.

बायकांची भिशी. कन्येने उत्साहाने सांगितलं, चिठ्ठ्या कशाला कापता, मी लॅपटॉपवर काढते. शफ लिहिलं, एंटर, नाव आलं. खोलीत शांतता. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "झालं का? इतक्यात?" दुसऱ्या म्हणाल्या, "अन् कामून बरं हिचंच निघालं? मागच्या खेपेलाबी ह्याच बिल्डिंगचं होतं." कन्या समजावत होती की हे पूर्ण रँडम आहे, गाभ्यातून येतं. कोणता गाभा, कुणाचा गाभा? काकूंचं म्हणणं मला पटलं. डबा हलताना ऐकू येत होता. पोराचा हात दिसत होता. इथे एक पोरगी, जिची आईही भिशीत आहे, एक बटण दाबते आणि सांगते की हे नाव आलं. तिने आधी पाच वेळा दाबून पाहिलं नसेल कशावरून? शफ कुठलाही माग ठेवत नाही. तोच निकाल पुन्हा काढून दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. चांगल्या रँडमचा हा गुणच आहे, आणि भरल्या खोलीत तोच त्याचा दोष ठरतो.

तेव्हा मला तो जुना प्रश्न आठवला, सीड द्या. क्यू-बेसिकचा तोच दुबळेपणा इथे कामाचा होता: सीड तेच, तर क्रम तोच. पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. त्यातलं यंत्र मर्सेन ट्विस्टर, मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी जोडीचं १९९७ चं. चोवीस बिटांच्या त्या तुटपुंज्या रांगेपुढे त्याची रांग विश्वाच्या आयुष्यात संपणार नाही. पण शिरायचं कुठे ते मशीन ठरवत नाही. स्टीलचा डबा परत काढला. आत शून्य ते नऊच्या दहा चिठ्ठ्या. लहान पोर एक काढतं, वाचतात, परत टाकतात, डबा खळखळ हलवतात, असं चारदा. निघालेला चार आकडी नंबर सीड. तो लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर, सोबत स्क्रिप्ट, सोबत पायथॉन कोणतं तेही. ते लिहावंच लागतं, कारण पायथॉन २ मध्ये त्याच सीडने लागलेला क्रम ३.२ नंतर जुळत नाही. ज्याला शंका असेल त्याने घरी जाऊन चालवावी.

चार अंक म्हणजे दहा हजारच शक्यता, हे मला माहीत आहे. वीस नावांचे सगळे क्रम त्यात मावत नाहीत, त्याच्या जवळपासही नाहीत. पण आम्हाला दर महिन्याला एकच नाव हवं असतं, तेवढ्याला दहा हजार पुरतात. आणि मी आधी बसून दहा हजारही सीड चालवून पाहिले, तरी पोराच्या हातात कोणता येणार हे मला कुठे माहीत? न्यूयॉर्कच्या कापसासारखंच.

काकूंच्या नातवाने खरंच घरी चालवून पाहिलं. नाव तेच निघालं. पुढच्या महिन्यात काकू म्हणाल्या, नाव बरोबर आहे, पण यादी कोणी केली? हा प्रश्न सीडपेक्षा फार मोठा निघाला. सीड कळल्यावर यादीतली दोन नावं कुणी वरखाली केली, तर निकाल फिरतो आणि स्क्रिप्टला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून यादी आदल्या दिवशीच ग्रुपवर पडू लागली. मग दुसरी अडचण. एकीचे दोन हिस्से आहेत, तिचं नाव दोनदा लिहायचं ना? लिहायचं. कन्येने एकदा वर्षभराचा क्रम लावायला शफऐवजी सॉर्टला रँडमचा पर्याय देऊन पाहिला, तर त्या दोन हिस्सेवालीचे दोन्ही नंबर पाठोपाठ आले. सॉर्ट सारख्या ओळी एकत्रच ठेवतो, शफ त्या विखुरतो. दोघांत हा फरक आहे हे मला त्या भिशीमुळे नव्याने आठवलं. प्रभागाच्या सोडतीतही पाहिलंत तर भांडण ड्रमवरून क्वचितच होतं. ड्रममध्ये कोणत्या प्रभागाच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि कोणत्या आधीच बाजूला काढल्या, हरकती यायच्या त्या तिथेच.

यंदा एकीच्या मुलीचं लग्न मेमध्ये निघालं. तिला पैसे मेमध्येच हवे होते. एप्रिलच्या बैठकीत चहा होईपर्यंत ठरलं की मे तिला. डबा नाही, सीड नाही, कुणाची हरकतही नाही. कन्येने फक्त विचारलं, मग जूनच्या यादीतून मावशींचं नाव काढू ना? काकू म्हणाल्या, "काढ. अन् ग्रुपवर टाक."